ऑइलच्या डबीवरची निळी रेघ

१

"बाई, तुमच्या गाडीला ब्रेक आहेत की नाहीत?"

खरं तर हा प्रश्न भिंगरीचा नव्हताच. तोंड तिचं होतं, प्रश्न मागच्या बाकाचा. मधल्या सुट्टीत गणिताच्या बाईंची जुनी करडी गाडी, आत चिटपाखरूही नसताना, शाळेच्या उतारावरून आपली आपण निघाली होती. फुलझाडांचा वाफा तुडवून ती सायकल स्टँडच्या भिंतीला नाक लावून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण पाचच मिनिटांपूर्वी त्याच भिंतीला टेकून लहान वर्गातली मुलं डबा खात बसली होती, हे ज्याला त्याला आठवत होतं. ते विसरायचं तर हसायला हवं, म्हणून मैत्रिणींनी पैज लावली. शेवटचा तास गणिताचा, बाईंना हे विचारून दाखव.

गेल्या वर्षापर्यंत ही पैज भिंगरीशी कुणी लावलीच नसती. बाबांच्या गॅरेजात ती भिंगरी होती, एका जागी न ठरणारी. शाळेत मात्र हजेरीला 'हजर' म्हणतानाही तिचा आवाज पुढच्या बाकापलीकडे जायचा नाही. मग यंदा भाषणाच्या स्पर्धेत ती अर्ध्यावर पाठ केलेलं विसरली, विसरलेल्या जागी मनातलं ठोकून दिलं, आणि बक्षीस मिळालं. तोंड उघडलं म्हणून आभाळ कोसळत नाही, हा शोध तिला तेव्हा लागला. त्यानंतर ते तोंड मिटवायचं कसं, हा प्रश्न घरच्यांना पडला होता.

बाईंनी खडू खाली ठेवला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे तुझ्या बाबांना विचार. शनिवारीच मागच्या चाकांचे पॅड तुमच्या गॅरेजात बदलून घेतलेत. आज खालच्या नेहमीच्या सपाट जागेत रंगकाम होतं, म्हणून गाडी उतारावर लावली. हँडब्रेक ओढला होता. दोनदा."

वर्ग आधी हसला, आणि मग सगळ्या माना भिंगरीकडे वळल्या. भिंगरी खाली बसली. आभाळ कोसळत नाही म्हणणारीच्या डोक्यावर आज निदान पत्रा तरी पडला होता.

२

संध्याकाळी गाडी गॅरेजात आली. बाबांनी मागचं डावं चाक स्वतः उतरवलं. उस्ताद बाजूला उभे होते, हात ॲप्रनला पुसत. अठ्ठावीस वर्षं ते या गॅरेजात होते, म्हणजे बाबांच्या बाबांच्या वेळेपासून. बाबांना पाना धरायला त्यांनीच शिकवलं, आणि भिंगरीला भिंगरी हे नावही त्यांनीच दिलं.

चाकामागे एक लोखंडी तबकडी असते. दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात, की चाक थांबतं. या जुन्या गाडीत हँडब्रेक ओढला तरी हेच पॅड आवळले जायचे. नवा पॅड चांगला खोडरबराएवढा जाड असतो. बाबांनी बाहेर काढलेले पॅड मात्र झिजून झिजून बिस्किटासारखे पातळ झालेले होते. उजव्या चाकातही तेच.

बाबांनी ते चार पॅड बाकावर ओळीनं मांडले. न बोलणं हे बाबांचं रागावणं होतं.

"मी नवे बसवलेत," उस्ताद म्हणाले.

बाबांनी आतल्या बाजूचा एक पॅड उलटा करून दाखवला. त्याच्या पाठीवर मटाराच्या दाण्याएवढा उंचवटा असतो. तो, पॅडला मागून ढकलणाऱ्या पिस्टनच्या तोंडावरच्या खाचेत बसला, तरच पॅड तबकडीला सपाट टेकतो. इथं तो उंचवटा खाचेत नव्हता, काठावर चढलेला होता. त्यानं तिथं नवाकोरा चकचकीत ओरखडाही पाडला होता. पॅड तिरका बसलेला आणि त्यात झिजलेला, मग उतारावर गाडी धरणार कशी?

उस्तादांनी तो ओरखडा खूप वेळ पाहिला. मग हळूच म्हणाले, "उंचवटा खाचेत नाही."

बाबांनी त्याचा अर्थ कबुली असा घेतला. उस्ताद, वय कुणाला चुकलंय, असं ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. शनिवारी आपण बाहेर होतो, तुम्ही एकटे होतात, कामाची गर्दी होती, काढलेलेच पॅड पुन्हा घातले गेले असतील. त्या भिंतीशी पोरं असती तर काय झालं असतं, हे मनातून जात नाही. काही दिवस घरी विश्रांती घ्या. सोमवारपासून एक नवा मेकॅनिक येतोय.

शिव्या दिल्या असत्या तर उस्तादांनी दोन परत दिल्या असत्या. त्यांनी ॲप्रन काढून खिळ्याला अडकवला. आपली पाना-पकडींची पेटी तिथंच ठेवली आणि रिकाम्या हातांनी निघून गेले.

आज बुधवार होता. भिंगरीनं बोटांवर मोजलं, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. तिच्या हातात चार दिवस होते.

३

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती आधी पार्टवाल्या काकांकडे गेली. हे काका गाड्यांचे सुटे भाग विकायचे, आणि सोबत गावभरच्या बातम्या वाटायचे. भिंगरीनं विचारण्याआधीच त्यांनी सांगायला सुरुवात केली. हो, शनिवारी उस्ताद आले होते. मागच्या चाकांच्या पॅडचा लाल खोका नेला. माल अस्सल होता, त्यांनी दुकानातच खोका उघडून प्रत्येक पॅडवर नख फिरवून पाहिलं होतं. मग काकांनी आवाज खाली आणला. माल माझ्या दुकानातून गेला आणि गाडीत पोचला नाही, तर मधे कोण होतं, हे मी कशाला बोलू?

"बोललात की," भिंगरी म्हणाली.

काका ओशाळले. मग जरा नरमाईनं म्हणाले, की तसा तो माणूस विचित्रच. लोक खोकी इथंच फेकतात, हा मात्र जपून नेतो. फाटू नये म्हणून वर सुतळीही मागून घेतो.

भिंगरीला त्यात विचित्र काही वाटलं नाही. उस्तादांची ती रीत गॅरेजातल्या भिंतींनाही पाठ होती. जुना माल मालकाचा. गाडीतून काढलेला भाग ते तारेच्या ब्रशनं घासायचे, रॉकेलमध्ये बुडवून लख्ख पुसायचे, कारण मालकाची गाडी डागाळता कामा नये. मग नव्या भागाच्या रिकाम्या खोक्यात तो नीट रचून, सुतळी बांधून, खोका डिकीत ठेवून द्यायचे. आम्ही काय काढलं ते मालकानं स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. बाबा थट्टेनं म्हणायचे, उस्ताद मेलेल्यालाही आंघोळ घालून पाठवतात.

तिथून ती उस्तादांच्या घरी गेली. ते दारातल्या खुर्चीत बसून आरशासारख्या स्वच्छ सायकलची चेन पुन्हा पुसत होते. शनिवारचं सगळं सांगा म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. अठ्ठावीस वर्षांत ज्याला माझा हात कळला नाही, त्याला आता तोंडानं काय सांगू, असं म्हणाले. भिंगरीनं हट्ट सोडला नाही. बाबांना नका सांगू, मला शिकवा, असा तिनं पवित्रा बदलला. मागचे पॅड बदलताना सगळ्यात अवघड काय असतं?

शिकवायचं म्हटलं की उस्तादांना राहवत नसे.

"पिस्टन," ते म्हणाले. "पॅड झिजत जातो तसा पिस्टन पुढे येत जातो. नवा जाड पॅड घालायचा तर पिस्टन मागे सारायला हवा. पुढच्या चाकाचा नुसता दाबला की जातो. मागच्याचा जात नाही, त्याच्या आत हँडब्रेकचा स्क्रू असतो. तो दाबत दाबत फिरवावा लागतो, त्याला वेगळं हत्यार लागतं. जबरदस्ती केलीस तर आतलं यंत्र मोडतं."

आणि पिस्टन मागे गेला, की त्याला ढकलणारं त्याच्यामागचं ब्रेक ऑइल जातं कुठे? भिंगरीनं विचारलं.

"जाईल कुठे? वर चढतं. बॉनेटखालच्या डबीत." मग ते थांबले. "सगळं झालं की मी पेडल दाबून दाबून घट्ट करतो. मग डबीवर..."

पुढचं त्यांनी सांगितलंच नाही, कारण भिंगरी निम्म्या रस्त्यात पोचली होती.

४

गाडी गॅरेजाच्या कोपऱ्यात तशीच उभी होती. भिंगरीनं बॉनेट उघडून त्याला दांडी लावली. ब्रेक ऑइलची डबी पांढुरकी, अर्धपारदर्शक असते. तिच्या अंगावर उस्तादांच्या स्केचपेनची निळी रेघ होती, आणि शेजारी मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरात शनिवारची तारीख. काम संपल्यावर, पेडल घट्ट झाल्यावर, बॉनेट मिटण्याआधी काढलेली शेवटची रेघ. तेवढं ऑइल होतं, याची उस्तादांनी केलेली सही.

ऑइल त्या रेघेच्या चांगलं बोटभर खाली होतं.

ती गाडीखाली सरपटली. युनिफॉर्मचं काय होईल तो विचार आईसाठी राखून ठेवला. फरशी कोरडी होती. नळ्या कोरड्या होत्या. चारही चाकांच्या आतल्या बाजू कोरड्या. बोटभर ऑइल काही वाफ होऊन उडत नाही, तेही पाच दिवसांत. बाहेर सांडलं नाही म्हणजे ते आतच आहे. आत म्हणजे पिस्टनच्या मागे. म्हणजे शनिवारनंतर पिस्टन पुढे आलेत, आणि एवढे पुढे आलेत की मधला पॅड पातळ झाल्याशिवाय ते येऊच शकत नाहीत.

ती तशीच बॉनेटपाशी उभी राहिली आणि तिच्या डोक्यात एकेक नट आपापल्या जागी बसू लागला. उस्तादांनी रेघ ओढली तेव्हा गाडीत जाड पॅड होते. याचा अर्थ नवे पॅड बसले होते. आणि समजा त्यांनी चाकाला हातच लावला नसता, तर जुन्या पॅडांचे उंचवटे वर्षानुवर्षं बसलेत तसे खाचेत बसून राहिले असते. ते काठावर चढले, ओरखडा नवा पडला. कुणीतरी नंतर चाकं उतरवली होती. नवे पॅड काढले होते. जुने घातले होते. हे काम त्याला मागच्या चाकांचं हत्यार नसतानाही जमलं, कारण पातळ पॅड घालायला पिस्टन मागे सारावाच लागत नाही.

पण जुने पॅड त्याला मिळाले कुठून?

तिनं डिकी उघडली. एक छत्री, वह्यांचा गठ्ठा, एक पंक्चरचं चाक. लाल खोका नव्हता.

बाबा मागे येऊन उभे राहिले होते. तिनं त्यांना रेघ दाखवली, खालचं ऑइल दाखवलं, कोरडी फरशी दाखवली. बाबांनी ती रेघ बोटानं चाचपली. मग म्हणाले, "मी बॉनेट उघडलंच नाही."

एवढंच. पण त्या चार शब्दांत किती काय होतं, ते तिला कळलं. तो लाल खोका डिकीतून कुणी काढला, हे मात्र अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

५

शुक्रवारी भिंगरी गणिताची वही घेऊन बाईंच्या घरी गेली. अडलेलं गणित खरोखरच अडलेलं होतं, त्यासाठी खोटं बोलावं लागलं नाही. बाईंनी ते सोडवून दिलं. मग तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, रविवारी गाडी कुठे गेली होती का? कुठेच नाही, बाई म्हणाल्या. आपण दिवसभर मैत्रिणीकडे होतो, चालत गेलो होतो. घरी फक्त अण्णा.

अण्णा म्हणजे बाईंचे वडील. ते मागच्या शेडमध्ये होते. हयातभर त्यांनी मालवाहू गाड्या दुरुस्त केल्या, त्याही पॅड नसलेल्या ड्रम ब्रेकच्या जमान्यातल्या. भिंतीवर त्यांची हत्यारं उंचीप्रमाणे उभी होती, कवायतीच्या मुलांसारखी. अण्णा टेबलापाशी एक घड्याळ खोलून बसले होते. मध्यंतरी त्यांनी गाडीचा रेडिओ खोलला आणि तो परत कधी गायला नाही. तेव्हापासून गाडीला हात लावायचा नाही, लावलात तर शेडची किल्ली माझ्याकडे, असा बाईंचा हुकूम होता. हे अण्णांनीच हसत हसत सांगितलं.

भिंगरी त्यांच्याशी घड्याळावर बोलत होती आणि तिची नजर खाली गेली. टेबलाचे पाय लहानमोठे होते. ते डुगडुगू नये म्हणून एका पायाखाली काहीतरी सारलेलं होतं. काळ्या धुळीनं माखलेलं, पण कडा अजून करकरीत. खोडरबराएवढं जाड. एकावर एक दोन.

तिच्या आत फटाक्यांची माळ लागली. आधीची भिंगरी असती तर पळून गेली असती, आणि परवाची असती तर ओरडली असती. आज तिनं स्टूल ओढून घेतलं आणि बसून विचारलं, "अण्णा, लाल खोक्यातले पॅड बसवायला सोपे गेले का हो?"

अण्णांचा हात घड्याळावरच थांबला.

"अलगद बसले," ते अखेर म्हणाले. त्या आवाजात अजूनही थोडा अभिमान होता. "लोण्यात सुरी जावी तसे."

मग त्यांनीच सांगितलं. रविवारी छत्री काढायला त्यांनी डिकी उघडली. तर आत पॅडचा नवा खोका, सुतळी बांधलेला, आणि आतला माल लख्ख. चाकात डोकावले तर तिथले पॅड काळेकुट्ट. त्यांची तळपायाची आग मस्तकात गेली. गॅरेजवाल्यांनी लेकीला फसवलं, नवे पॅड न बसवताच डिकीत टाकून दिले. भांडायला जावं, तर आपण गाडीला हात लावला हे लेकीला कळणार. मग ती यायच्या आत त्यांनी स्वतःच चारही पॅड बदलले.

पण जाडी? भिंगरीनं विचारलं. खोक्यातले एवढे पातळ होते, ते दिसलं नाही?

"दिसलं की. म्हटलं, हल्ली सगळंच पातळ मिळतं. कापड पातळ, वह्यांची पानं पातळ. पॅड तरी जाड कुठून असणार?"

तिला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. तिनं सांगितलं की मागच्या चाकाचे नवे पॅड कधीच अलगद बसत नाहीत. त्यांना जागा करून द्यावी लागते. अलगद बसले, तिथंच चुकलं. चाकातले काळे होते ते गाडी धावल्याच्या धुळीनं, आणि खोक्यातले लख्ख होते ते उस्तादांच्या ब्रशनं. त्या उस्तादांना आता वय झालं म्हणून घरी बसवलंय.

हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर अण्णांनी चष्मा काढला. गाडी घसरल्याचं कळलं तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. पण दोष गॅरेजचाच असेल, असं ते स्वतःला समजावत होते. वय झालं म्हणून घरी बसवणं म्हणजे काय, हे मात्र त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दारात बाई उभ्या होत्या. त्या कधीपासून ऐकत होत्या, कोण जाणे. अण्णांनी खिशातून शेडची किल्ली काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती उचलली, जरा वेळ हातात धरली, आणि परत त्यांच्या खिशात टाकली. म्हणाल्या, आधी त्या माणसाकडे जाऊन या, मी येते बरोबर. किल्लीचं नंतर बघू.

त्या पायाखालून दोन पॅड निघाले आणि दुसऱ्या पायाखालून आणखी दोन. टेबल लगेच डुगडुगू लागलं.

६

उस्तादांच्या दारात त्या संध्याकाळी चार माणसं उभी होती, भिंगरी, बाबा, बाई आणि अण्णा. अण्णांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. उस्तादांनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, की खोका माझाच. नव्याच्या खोक्यात जुनं घालायचं, ही खोड माझी. निम्मी चूक इथली.

बाबा माफी मागतील असं भिंगरीला वाटलं होतं. बाबांनी खिशातून टेबलाखालचे ते चार जाड पॅड काढले आणि उस्तादांच्या हातात दिले.

"हे बसवायचेत," ते म्हणाले. "मला जमायचे नाहीत."

उस्तादांनी पॅडवर नख फिरवलं. मग विचारलं, "माझा ॲप्रन कुणी धुतला तर नाही ना?"

नव्या मेकॅनिकला बाबांनी त्याच रात्री नको म्हणून कळवलं. शनिवारी सकाळी गाडी जॅकवर चढली. पिस्टन फिरवायचं ते हत्यार उस्तादांनी भिंगरीच्या हातात दिलं. दाब आणि फिरव, दोन्ही एकदम, घाई नको. पहिल्यांदा हत्यार सटकलं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिच्या हाताखाली पिस्टन हळूहळू मागे सरकला, आणि उंचवटा खाचेत बसला तेव्हा बारीकसा 'टक' आवाज आला. अण्णा खुर्ची टाकून बसले होते आणि मधूनमधून नको ते सल्ले देत होते. उस्ताद आणि ते दिवसभर ड्रम ब्रेकवरून वाद घालत राहिले, दोघेही अगदी सुखात. शेवटी पेडल घट्ट झाल्यावर उस्तादांनी स्केचपेन पुढे केलं. निळी रेघ भिंगरीनं ओढली. जरा वाकडी आली.

जुने पॅड या वेळी उघड्या टोपलीत गेले, वर चिठ्ठी लावून.

रात्री जेवताना आईनं तिच्या नखांतलं काळं पाहिलं. ते साबणानं जात नाही, हे आईला लग्नापासून माहीत होतं. युनिफॉर्मचा विषय निघणार, हे भिंगरीनं ओळखलं आणि पाण्याचा पेला खाली ठेवला.

बुधवारी तिनं दुसऱ्यांचा प्रश्न विचारला होता. आज तिच्याकडे प्रश्न नव्हता.

"आई, बाबा, सोमवारपासून शाळा सुटली की मी रोज दोन तास गॅरेजात काम शिकणार, उस्तादांच्या हाताखाली. गणित बाई शनिवारी घेतील, मी त्यांच्याशी बोललेय. आणि शाळा संपली की मी हेच शिकायला जाणार आहे."

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी ताटाकडे पाहिलं. मग ते म्हणाले, तुझ्या मापाचा ॲप्रन नाहीये.

"मी विचारत नाहीये, बाबा, सांगतेय," भिंगरी म्हणाली. "ॲप्रन आज दुपारीच शिवायला टाकलाय."